शेजारची फौज, आपली फौज : आकडे कसे वाचायचे?

मे २०२५ मधल्या चार दिवसांच्या लढाईनंतर भारत-पाकिस्तान लष्करी ताकदीबद्दल पत्रांचा ओघ थांबलेला नाही. एकसारखे प्रश्न एकत्र करून काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

आपला संरक्षण खर्च पाकिस्तानच्या नऊ पट आहे असे वाचतो. मग ताकद नऊ पट का दिसत नाही? पैसा मुरतो कुठे?
– निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

आधी ती नऊ पट तपासू. २०२५-२६ साठी आपल्या संरक्षण मंत्रालयाची तरतूद ६,८१,२१० कोटी रुपयांची. त्यातले १,६०,७९५ कोटी निवृत्तिवेतनाचे. ३,११,७३२ कोटी महसुली खर्चाचे, म्हणजे पगार, शिधा, इंधन, दारूगोळा, सुटे भाग, दुरुस्ती. सुमारे २८,६८३ कोटी तटरक्षक दल, सीमा रस्ते आणि मंत्रालयाचा इतर खर्च. नवी विमाने, जहाजे, तोफा ज्यातून येतात ते भांडवली खाते उरते १,८०,००० कोटींचे. रुपयातले सव्वीस पैसे.

पाकिस्तानने त्याच वर्षी २,५५० अब्ज पाकिस्तानी रुपये ठेवले. पण त्यात लष्करी निवृत्तिवेतन धरलेले नाही. ते ७४२ अब्ज दुसऱ्या खात्यात दाखवले जातात. आपला पेन्शनसकटचा आकडा त्यांच्या पेन्शनविना आकड्याने भागला, दोन्हींचे डॉलर केले, की नऊ पट निघते. दोन्हीकडची पेन्शन वजा करा, गुणोत्तर साडेसहा ते सात पटींवर येते. अंतर तरीही मोठे आहे, पण फॉरवर्डमधल्याइतके नाही.

दुसरी गोष्ट नकाशात दिसते. आपल्या फौजेला चीनची सीमाही सांभाळावी लागते. २०२० पासून पूर्व लडाखमध्ये जे रणगाडे, तोफा आणि जवान वर चढवले, ते पंजाब-राजस्थानच्या हिशेबात जसेच्या तसे धरता येत नाहीत. पाकिस्तानची अवजड शस्त्रे मात्र जवळजवळ सगळी आपल्याकडेच तोंड करून आहेत. अफगाण सरहद्दीवर त्याचे पायदळ अडकते, चिलखती दळ नाही.

तिसरा मुद्दा पुरवठादाराचा. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेनुसार २०२०-२४ या काळात पाकिस्तानच्या शस्त्र-आयातीतला ८१% वाटा एकट्या चीनचा होता. आपली आयात रशिया ३६%, फ्रान्स ३३%, इस्रायल १३% अशी वाटलेली. अनेक दुकानांतून घेतले की कोणा एकाच्या मर्जीवर राहावे लागत नाही, हा फायदा. तोटा काय, ते पुढच्या उत्तरात येईल.

याच पत्रात ‘ग्लोबल फायरपॉवर’च्या यादीचाही उल्लेख आहे. २०२५ मध्ये त्यात भारत चौथा आणि पाकिस्तान बारावा होता. ती यादी अण्वस्त्रे मोजत नाही. ज्या दोन देशांच्या प्रत्येक लष्करी निर्णयावर अण्वस्त्रांची सावली आहे, त्यांची तुलना त्या यादीवरून करण्यात अर्थ नाही.

मिग-२१ गेले आणि हवाई दलाकडे २९ स्क्वाड्रन उरल्या. मंजूर ४२ आहेत. पाकिस्तानकडे चिनी जे-१० आले. आपण मागे पडलो का? आणि क्षेपणास्त्राचा पल्ला १४५ किलोमीटर म्हणजे नेमके काय?
– वाचक, ओझर (जि. नाशिक)

एका लढाऊ स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ विमाने आणि २ दोन-आसनी प्रशिक्षण विमाने धरतात. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिल्यावर २९ स्क्वाड्रन राहिल्या, म्हणजे कागदावर पाचशे-सव्वापाचशे विमाने. पण त्या सकाळी उडण्याजोगी किती, हा खरा प्रश्न. सुमारे दशकापूर्वी ‘कॅग’ने सुखोई-३० ची उपलब्धता ५५ ते ६०% नोंदवली होती, निकष ७५% चा होता. १८ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये ७५% म्हणजे १३ विमाने, ५५% म्हणजे कशीबशी १०. नवे एकही विमान न घेता केवळ सुटे भाग आणि दुरुस्तीची साखळी सुधारली तरी प्रत्येक स्क्वाड्रनमागे तीन विमाने वाढतात. ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात सुखोईची मोठी दुरुस्ती चालते, हे आपल्याला सांगायला नको. त्या कामाची बातमी होत नाही, पण हिशेबात ते नव्या खरेदीइतकेच मोलाचे आहे.

घट भरून काढायची ती प्रामुख्याने तेजसने. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए चा करार झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ चा. पहिले विमान मार्च २०२४ मध्ये मिळायचे होते. अडले कुठे, तर इंजिनावर. अमेरिकन जीई कंपनीच्या एफ-४०४ जातीची ९९ इंजिने २०२१ मध्ये मागवली होती, त्यातले पहिले मार्च २०२५ मध्ये हाती आले. इंजिनाची उत्पादन-साखळी एकदा बंद पडली की तिला लागणारे विशेष ओतीव भाग पुरवणारे कारखाने दुसऱ्या कामांना लागतात, त्यांना परत आणायला वर्षे जातात. ओझरला जोडलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने ऑक्टोबर २०२५ मध्ये भरारी घेतली. जोडणीच्या रांगा वाढल्या हे चांगलेच, मात्र इंजिनाविना सांगाडे उभे राहिले तर त्यांना स्क्वाड्रन म्हणत नाहीत.

आता पल्ल्याकडे. जे-१० वरच्या चिनी पीएल-१५ या हवेतून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्राच्या निर्यात आवृत्तीचा जाहीर पल्ला १४५ किलोमीटर. हा आकडा लक्ष्य आपल्या दिशेने येत असताना, उंचावरून आणि वेगात सोडलेल्या क्षेपणास्त्राचा असतो. अशा क्षेपणास्त्राची मोटर काही सेकंदांत जळून संपते, पुढचा प्रवास मिळालेल्या वेगावर. वैमानिकाने वेळेवर विमान वळवून पाठ फिरवली की क्षेपणास्त्राला पाठलाग करावा लागतो, वळणावळणाला वेग गळतो आणि तोच पल्ला निम्म्याहून खाली येऊ शकतो. म्हणून वैमानिक ज्या अंतराची धास्ती घेतात ते वेगळे, ज्यातून वळूनही सुटका नाही ते. राफेलवरचे मीटिऑर इथे सरस ठरते. त्याचे रॅमजेट इंजिन इंधन राखून वापरते आणि शेवटच्या टप्प्यातही ढकलत राहते.

आणि लक्ष्य आधी कोणाला दिसले? पाकिस्तानच्या जे-१० चे रडार, त्याचे क्षेपणास्त्र आणि जमिनीवरची बरीचशी रडारे एकाच देशातली असल्याने त्यांची माहिती एका जाळ्यात ओवणे सोपे जाते. आपल्याकडे सुखोई रशियन, राफेल फ्रेंच, टेहळणीचे फाल्कन इस्रायली रडार रशियन विमानावर बसवलेले, नेत्रा देशी. प्रत्येकाची डेटालिंक, म्हणजे माहिती एकमेकांना पाठवण्याची यंत्रणा, वेगळी, आणि मूळ उत्पादकाच्या मदतीशिवाय त्याच्या संगणकात हात घालता येत नाही. अनेक दुकानांतून खरेदीचा तोटा तो हा. आमच्या मते स्क्वाड्रनच्या संख्येपेक्षा याची चिंता अधिक करावी.

मे २०२५ मध्ये काय घडले, याबद्दल दोन्हीकडचे दावे जुळत नाहीत. विमाने गमावल्याचे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये मान्य केले, संख्या सांगितली नाही. पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे विमान पाडल्याचे हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी ऑगस्टमध्ये सांगितले, पाकिस्तानने ते नाकारले. कोणाच्या तरी एका आकड्यावर पैज लावू नये.

लढाई झालीच तर आपला दारूगोळा किती दिवस पुरेल? टीव्हीवर कोणी १० दिवस म्हणतो, कोणी ४०.
– वाचक, भद्रावती (जि. चंद्रपूर)

दोन्ही आकडे खरे कागदांतले आहेत, त्यांचा अर्थ मात्र वेगळा. युद्धासाठी राखून ठेवायच्या साठ्याचा मंजूर निकष ४० ‘तीव्र’ दिवसांचा. त्याची फोड अशी : ३० दिवस तीव्र लढाईचे आणि ३० दिवस सामान्य लढाईचे, तीन सामान्य दिवस म्हणजे एक तीव्र दिवस. २० दिवसांचा साठा ही किमान स्वीकारार्ह जोखमीची पातळी आणि १० दिवसांखाली गेले की परिस्थिती गंभीर. २०१७ च्या ‘कॅग’ अहवालाने सप्टेंबर २०१६ ची स्थिती तपासली तेव्हा सुमारे ५५% प्रकारचा दारूगोळा २० दिवसांच्या पातळीखाली होता आणि ४०% प्रकारचा १० दिवसांहून कमी. उरी हल्ल्यानंतर उपलष्करप्रमुखांना तातडीच्या खरेदीचे अधिकार दिले गेले आणि साठे भरू लागले. आज टीव्हीवर ‘१० दिवस’ म्हणणारा बहुधा त्या जुन्या अहवालावर बोलत असतो.

तो अहवाल जुना झाला तरी त्यातली एक नोंद विसरण्याजोगी नाही : मोठ्या कॅलिबरच्या दारूगोळ्यापैकी ८३% फ्यूजअभावी वापरण्याजोगा नव्हता. हे कसे होते ते समजायला १५५ मिलिमीटरचा गोळा उघडून पाहू. पोलादी कवच, आत सहा-सात किलोच्या वर स्फोटक, एकूण वजन ४५ किलोंच्या आसपास. टोकाला पिळून बसवायचा फ्यूज, जो गोळा कधी फुटायचा ते ठरवतो. त्यामागे तोफेत वेगळे भरायचे, गोळा बाहेर फेकणारे प्रणोदक चार्ज आणि ते पेटवणारा प्रायमर. पाचांतला एक भाग नसेल तर उरलेले चार म्हणजे कोठारातले भंगार. कवच अंबाझरीला, स्फोटकाची भराई आपल्या भद्रावतीच्या कारखान्यात, आधुनिक मॉड्युलर चार्ज बिहारमधल्या नालंदाला. तंत्रज्ञान देणारी परदेशी कंपनी काळ्या यादीत गेल्याने नालंदाचा कारखाना कित्येक वर्षे रखडला होता. लाचखोर कंपनीवर बंदी घालायलाच हवी, पण दुसरा पुरवठादार तयार नसताना घातलेल्या बंदीची किंमत तोफखाना मोजतो.

खपाचा अंदाज हवा असेल तर हा हिशेब करा. तोफखान्याच्या रेजिमेंटमध्ये १८ तोफा. प्रत्येकीने दिवसाला १०० गोळे डागले तर १,८०० गोळे, नुसत्या गोळ्यांचे वजन ८० टन, चार्ज आणि खोकी वेगळी. दहा टनी आठ ट्रक रोज, एका रेजिमेंटसाठी, शत्रूच्या ड्रोनच्या नजरेखालून. त्यात तोफेची नळी झिजते ते वेगळेच. झिजलेल्या नळीतून गोळा निघतो, पण अचूकता जाते आणि त्याच कामाला जास्त गोळे लागतात.

पाकिस्तानचेही गणित याच जातीचे आहे. त्याचा मोठा दारूगोळा कारखाना वाह छावणीत एकवटलेला, देशाची खोली कमी, कोठारे सरहद्दीपासून फार दूर नेता येत नाहीत. लांब लढाई त्याला परवडत नाही आणि सुरुवातीच्या दिवसांवर त्याचा भर असतो, तो त्यामुळेच. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने स्वतंत्र ‘आर्मी रॉकेट फोर्स’ जाहीर केले, त्यामागेही पहिल्या काही तासांत लांबवर आणि भरपूर मारा करण्याचा विचार दिसतो. आपले उत्तर पिनाका ही रॉकेट प्रणाली. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई प्रयोगशाळेत तयार झालेल्या या प्रणालीतला एक लाँचर ४४ सेकंदांत १२ रॉकेटे सोडतो. जुन्या रॉकेटचा पल्ला ४० किलोमीटरच्या आतबाहेर, मार्गदर्शित आवृत्तीचा ७५ च्या आसपास. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या रॉकेटांचे १०,१४७ कोटींचे करार झाले, नागपूरची खासगी कंपनी आणि पुण्यात मुख्यालय असलेली सरकारी म्युनिशन्स इंडिया अशा दोघींशी. हे विशेष महत्त्वाचे. एका कारखान्यात स्फोट झाला तरी दुसरीकडचे उत्पादन चालू राहील.

ड्रोनवर लाखो रुपयांची क्षेपणास्त्रे उडवणे परवडते का?
– विद्यार्थिनी, लातूर

नाही. म्हणूनच मे २०२५ मध्ये जुन्या ४० मिलिमीटर एल-७० तोफा कामाला आल्या. तोफ सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीच्या आराखड्याची, पण तिला नवे रडार, दिवसरात्र दिसणारी दुर्बीण आणि विजेवर फिरणारी बैठक जोडलेली. मिनिटाला तीनशेच्या घरात गोळ्या, परिणामकारक मारा तीन-चार किलोमीटरपर्यंत. स्वस्त ड्रोनच्या झुंडीचा हेतू पुष्कळदा नुकसान करण्याचा नसतोच. आपली रडारे चालू करायला लावायची, ती कुठे आहेत ते टिपायचे आणि महाग क्षेपणास्त्रे खर्ची पाडायची, हा असतो. त्यामुळे कोणत्या ड्रोनवर गोळीबार करायचा नाही, हे ठरवणे हीदेखील हवाई संरक्षणाची कामगिरी आहे.

पाकिस्तानच्या नव्या पाणबुड्यांत एआयपी आहे, आपल्या स्कॉर्पीनमध्ये नाही. फरक कितीसा पडतो?
– वाचक, डोंबिवली

बराच पडतो. डिझेल-विजेवरची पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या, म्हणजेच स्कॉर्पीन, पाणबुडीत ३६० सेल असतात, प्रत्येकी ७५० किलोंचा, म्हणजे २७० टन नुसती बॅटरी. तरीही मंद वेगाने काही दिवसांत ती उतरते. मग पाणबुडीला पृष्ठभागाजवळ येऊन श्वसननळी पाण्याबाहेर काढावी लागते आणि डिझेल इंजिने चालवून बॅटरी भरावी लागते. तेवढा वेळ ती गोंगाट करते, नळीचे टोक टेहळणी विमानाच्या रडारवर उमटते. पाणबुडी सापडते ती बहुतेकदा तेव्हाच.

एआयपी म्हणजे हवेविना वीज बनवण्याची सोय. सोबत नेलेल्या द्रवरूप ऑक्सिजनवर ती चालते, आणि पाणबुडी संथ गतीने दोन आठवड्यांपर्यंत खाली राहू शकते. वेग मिळत नाही. पळून जायला बॅटरीच लागते. पाकिस्तानच्या तीन अगोस्टा-९०बी पाणबुड्यांत ही सोय आहे आणि चीनकडून घेतलेल्या आठ हँगोर वर्गाच्या पाणबुड्यांतही असेल. त्यांतल्या चार चीनमध्ये, चार कराचीत बांधायच्या. पहिलीचे जलावतरण एप्रिल २०२४ मध्ये झाले.

आपली एआयपी तुमच्या शेजारीच, अंबरनाथच्या एनएमआरएल प्रयोगशाळेत घडली आहे. फॉस्फरिक आम्लाच्या इंधन-घटावर ती चालते आणि हायड्रोजन जहाजावरच तयार करते. हायड्रोजनच्या टाक्या वाहायला नकोत, ही तिची जमेची बाजू. डिसेंबर २०२४ मध्ये तिचा भाग बांधून पाणबुडीत बसवण्याचे सुमारे १,९९० कोटींचे काम माझगाव डॉकला मिळाले. बसवणे म्हणजे पाणबुडी मधोमध कापायची, नवा दंडगोल आत जोडायचा, सगळ्या तारा-नळ्या लांबवायच्या आणि तोल पुन्हा साधायचा. मोठी दुरुस्ती लागते तेव्हाच हे करता येते.

याच स्कॉर्पीनची दुसरी उणीव कमी लोकांना ठाऊक आहे. त्यांच्यासाठी निवडलेल्या जड टॉर्पेडोची खरेदी उत्पादकाशी संबंधित गैरव्यवहारामुळे रद्द झाली. २०१७ पासून एकेक पाणबुडी नौदलात आली ती जुन्या जर्मन टॉर्पेडोंवर. सहावी, वागशीर, १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत दाखल झाली. छायाचित्रात मात्र सहाही सारख्याच दिसतात.

भारताकडे १८० अण्वस्त्रे, पाकिस्तानकडे १७०. दहांचा फरक कोणाला किती उपयोगी?
– वाचक, परभणी

कोणालाच नाही. ‘सिप्री’चे जानेवारी २०२५ चे हे अंदाज आहेत, मोजदाद नव्हे. पाहायचे ते धोरण आणि वाहक, म्हणजे अण्वस्त्र लक्ष्यापर्यंत नेणारी साधने. जानेवारी २००३ च्या आपल्या जाहीर धोरणात प्रथम वापर न करण्याचे वचन आहे, पाकिस्तानने तसे दिलेले नाही. २००१-०२ च्या ‘पराक्रम’ मोहिमेत आपल्या प्रहारक कोअरना, म्हणजे चढाईसाठी राखलेल्या अनेक डिव्हिजनच्या मोठ्या दलांना, सीमेवर पोचायला सुमारे तीन आठवडे लागले. त्यातून छोट्या तुकड्यांनी झटपट चढाई करण्याचा विचार आला, आणि त्यावर पाकिस्तानने २०११ मध्ये ६० किलोमीटर पल्ल्याचे ‘नस्र’ क्षेपणास्त्र पुढे केले. एवढ्या तोकड्या पल्ल्याचे अण्वस्त्र रणभूमीच्या जवळ न्यावे लागते. मग वापराचा अधिकार इस्लामाबादेत ठेवायचा की आघाडीवरच्या अधिकाऱ्याला द्यायचा? पहिल्यात उशीर, दुसऱ्यात गोंधळाचा धोका. ‘नस्र’ पाकिस्तानलाही डोईजड आहे.

दोन्ही देश बोलत नाहीत, तरी १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या कशा देतात? या करारांना काही अर्थ आहे का?
– वाचक, रत्नागिरी

आहे, आणि तो अंतरांत मोजता येतो. अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ चा, लागू झाला २७ जानेवारी १९९१ ला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघे आपापल्या केंद्रांचे अक्षांश-रेखांश देतात. कारगिलनंतर खंड पडला नाही, मे २०२५ नंतरही नाही.

एप्रिल १९९१ चे दोन करार रोजच्या कामाचे. कोअर पातळीचा सराव सीमेपासून ४५ किलोमीटर दूर, डिव्हिजनचा २५ किलोमीटर. लढाऊ विमानांनी, सशस्त्र हेलिकॉप्टरांनीही, दुसऱ्याच्या हवाई हद्दीपासून १० किलोमीटर लांब राहायचे. ऑक्टोबर २००५ चा करार क्षेपणास्त्र चाचण्यांचा : निदान तीन दिवस आधी कळवायचे, डागण्याची जागा सीमेपासून ४० किलोमीटरच्या आत नको, पडण्याची ७० च्या आत नको.

त्यातले भगदाडही मोठे. हा करार फक्त जमिनीवरून जमिनीवर जाणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांना लागू आहे. क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात नाहीत. ९ मार्च २०२२ ला आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. जीवितहानी झाली नाही, आणि पुढे हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. अशा प्रसंगी तातडीने काय कळवायचे याचा नियम दोघांकडे नाही. उरतो तो दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांमधला थेट फोन. १० मे २०२५ ला दुपारी ३.३५ ला पाकिस्तानच्या महासंचालकांचा फोन आला आणि ५ वाजल्यापासून गोळीबार थांबवायचे ठरले, तो याच मार्गाने.

‘अमुक हजार कोटींच्या खरेदीला मंजुरी’ अशी बातमी दर महिन्याला येते. ती शस्त्रे कधी येतात?
– स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे

ती मंजुरी बहुतेकदा संरक्षण सामग्री खरेदी परिषदेची असते आणि तिचा अर्थ इतकाच, की गरज मान्य झाली. त्यानंतर निविदा, तांत्रिक छाननी, मैदानी चाचण्या (वाळवंटात उन्हाळ्यात, डोंगरावर हिवाळ्यात, म्हणून एक हंगाम चुकला की वर्ष गेले), दराची बोलणी, मोठी रक्कम असेल तर मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मान्यता आणि शेवटी करार. २००७ मध्ये १२६ लढाऊ विमानांची निविदा निघाली, २०१२ मध्ये राफेलची निवड झाली, दराच्या आणि जबाबदारीच्या घोळात ती बारगळली, २०१६ मध्ये ३६ विमानांचा वेगळा करार झाला आणि पहिली पाच अंबाल्यात उतरली ती २९ जुलै २०२० ला.

स्वतः ताळा करायचा असेल तर अर्थसंकल्पाच्या खर्चाच्या कागदपत्रांत संरक्षण मंत्रालयाच्या मागण्या १९ ते २२ काढा : मंत्रालयाचा खर्च, महसुली, भांडवली, निवृत्तिवेतन. २१ क्रमांकाच्या भांडवली मागणीत विमाने व इंजिने, नौदलाचा ताफा, अवजड वाहने असे वेगळे रकाने आहेत. यंदाची तरतूद पाहू नका. दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च आणि गेल्या वर्षीचा सुधारित अंदाज शेजारी ठेवा. विमानांच्या रकान्यात सुधारित अंदाज मूळ तरतुदीपेक्षा खाली आलेला दिसला, तर समजा की कुठे तरी पुरवठा लांबला आणि त्यापोटी द्यायचा हप्ता द्यावा लागला नाही.